घाटाची भीती आणि गार इंजिन

पनवेलला थंडी ती कितीशी पडते? डिसेंबर-जानेवारीत पहाटे गाढी नदीच्या काठाला धुकं उतरतं, चहाच्या टपरीवर कानटोप्या दिसतात, पण पारा शून्याच्या जवळपासही फिरकत नाही. बाकीचे महिने तर घाम पुसण्यातच जातात. अशा गावात गाडीचं इंजिन लवकर गरम होत नाही ही तक्रार ऐकली, की नवख्या माणसाला हसू येईल. पण जुनी डिझेल जीप, मार्शल, आर्मडा किंवा ट्रॅक्स बाळगणाऱ्या कुणालाही विचारा. अर्धा तास गाडी चालवली तरी तापमानाचा काटा पहिल्या खुणेवरच असतो, एक्झॉस्टमधून डोळे चुरचुरवणारा पांढरट धूर येत राहतो आणि डिझेल मात्र हिशोबापेक्षा जास्त जातं. फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांत हे विशेष जाणवतं. हवा उबदार आणि इंजिन मात्र गार, हे कसं काय होतं, त्यानं काय बिघडतं आणि त्यावर काय करायचं, ते आज आपण समजून घेऊ.

सुरुवात डिझेल इंजिनाच्या स्वभावापासून करू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानं १८९७ साली आउग्सबुर्ग इथं आपलं यशस्वी इंजिन चालवून दाखवलं, तेव्हापासून त्याचं मूळ तत्त्व बदललेलं नाही. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकून इंधन पेटवतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. तिथं नुसती हवा इतकी दाबतात, की ती तापून लाल निखाऱ्यासारखी होते. मग तिच्यात डिझेलचा बारीक फवारा सोडला, की तो आपोआप पेट घेतो. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं तोंड हाताला चटका देतं, तोच हा प्रकार, फक्त कितीतरी पटींनी मोठा.

आता यातली मेख पाहा. भोवतीचं लोखंड गार असेल, तर दाबलेल्या हवेची उष्णता ते शोषून घेतं आणि हवा पुरेशी तापत नाही. म्हणून गार इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं, सुरू झाल्यावर खडखडतं आणि अर्धवट जळलेल्या डिझेलचा धूर सोडतं. महिंद्रच्या एमएम ५४० आणि आर्मडा या गाड्यांमध्ये पूजो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्याचं २११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० इंजिन असे. ते नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीच्या कारखान्यात तयार होई. या प्रकारच्या इंजिनात डिझेलचा फवारा थेट सिलिंडरात न पडता हेडमधल्या एका छोट्या खोलीत पडतो. या खोलीमुळे इंजिन मऊ चालतं, पण सकाळी तिच्या गार भिंती उष्णता खातात. म्हणून तिथं हीटर प्लग बसवलेले असतात. चावी फिरवून दहा-वीस सेकंद थांबायचं आणि मग सेल्फ मारायचा, ही त्या गाड्यांची रीत. नंतर आलेल्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत ही खोली नसते. त्यामुळे आपल्या हवेत त्यांना हीटरची गरज सहसा भासत नाही. तुमच्या गाडीला हीटर प्लग असतील आणि सकाळी ती फार वेळ सेल्फ खात असेल, तर चारही प्लग तपासून घ्या. पण एक लक्षात ठेवा. हीटर प्लगचं काम गाडी सुरू करण्यापुरतं. सुरू झालेली गाडी अर्धा तास गारच राहत असेल, तर त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

ते शोधण्याआधी थोडा ढोबळ हिशोब करू. अशा जुन्या इंजिनाचं लोखंड, त्यातलं पाणी आणि ऑइल मिळून पंचवीस अंशांवरून ऐंशी अंशांपर्यंत न्यायचं आहे. दोनेकशे किलो धातू, आठ-नऊ लिटर पाणी आणि पाच-सहा लिटर ऑइल धरलं, तर त्यासाठी दोन युनिट विजेएवढी उष्णता लागते. आता उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू ठेवलं, तर ते तासाला साधारण अर्धा-पाऊण लिटर डिझेल पितं. त्यातली एक तृतीयांश उष्णता पाण्याला मिळाली असं मानलं, तर ती भरते दोन किलोवॉटच्या आसपास. म्हणजे आपल्या न्हाणीघरातल्या गीझरएवढी. गीझरच्या बळावर दोनेकशे किलो लोखंड आणि बादलीभर पाणी तापवायला बसलो, तर तास सहज जाईल. त्यातून समोरचा पंखा सतत वारा घालत असेल, तर तासानंतरही काटा मधोमध येणार नाही.

तेच इंजिन रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगानं चाललं, की तासाला चारेक लिटर डिझेल जाळतं. पाण्याला मिळणारी उष्णता पाच-सहा पट होते आणि दहा-बारा मिनिटांत काटा जागेवर यायला हवा. यातून पहिला धडा मिळतो. सकाळी बिल्डिंगखाली गाडी सुरू करून ठेवायची, वर जाऊन चहा प्यायचा, पेपर वाचायचा आणि मग खाली यायचं, या पद्धतीनं डिझेल इंजिन गरम होत नाही. पेट्रोल इंजिनाला हवा कमी-जास्त करणारी झडप असते. या जुन्या डिझेल इंजिनांत बहुधा तशी झडप नसते, त्यामुळे नुसतं चालू ठेवलं तरी प्रत्येक फेरीला ते सिलिंडरभर गार हवा ओढतं आणि थेंबभर डिझेल जाळतं. ऑइलचं प्रेशर यायला अर्धा-एक मिनिट द्यावं आणि मग गाडी हलक्या पायानं चालू करावी. पहिली चार-पाच किलोमीटर जोरात रेस करू नये, टॉप गिअरमध्ये दाबून ओढू नये. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत गिअरबॉक्सच्या जोडीला ट्रान्सफर केस आणि पुढे-मागे दोन डिफरन्शियल असतात. त्यांतलं घट्ट ऑइल उभ्या गाडीत गरम होतच नाही, ते चाकं फिरली की मगच सैल होतं. मात्र गरम करण्यासाठी म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढचा गिअर टाकू नका. जुन्या जीपांमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमधला फरक सामावून घेणारी सोय नसते, त्यामुळे वळणावर सगळा ताण दातऱ्यांवर येतो.

आता दुसरा प्रश्न. गाडी नीट चालवली, कळंबोलीहून पळस्पे फाट्यापर्यंत जाऊन आलो, तरी काटा वर येत नाही. मग काय? तर मग बहुतेक वेळा एक छोटा भाग जागेवर नसतो, किंवा तो उघडाच अडकून बसलेला असतो. त्याचं नाव थर्मोस्टॅट. गॅरेजात त्याला थर्मोस्टॅट वॉल असंही म्हणतात. मुठीत मावेल एवढी ही पितळी झडप इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर बसते. तिच्या पोटात मेण असतं. पाणी गार असताना झडप बंद असते, त्यामुळे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि लवकर तापतं. साधारण ऐंशी-पंचाऐंशी अंशांना मेण वितळून फुगतं, आतली दांडी ढकलली जाते आणि रेडिएटरची वाट उघडते. पाणी गार झालं, की स्प्रिंग ती वाट पुन्हा मिटवते. ना वीज, ना वायर. इंजिनाला गार होऊ न देणं आणि गरजेपुरतंच गार करणं ही दोन्ही कामं ही झडप करते.

एवढा उपयोगी भाग मग आपल्याकडच्या कित्येक जुन्या गाड्यांतून काढून का टाकलेला असतो? त्याचं उत्तर घाटात आहे. पनवेल समुद्राला लागून. इथून पुण्याकडे निघालं, की खोपोलीपर्यंत सपाट रस्ता आणि तिथून थोड्याच किलोमीटरांत खंडाळ्यापर्यंत पाचशे मीटरच्या आसपास चढ. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण खुला होईपर्यंत पुण्याला जाणारी सारी वाहतूक जुन्याच रस्त्यानं चढत असे. भरलेली जीप, दुसरा गिअर, मे महिन्याचं ऊन, पुढे ट्रकांची रांग. इंजिन पूर्ण जोर लावतंय आणि रेडिएटरला वारा मिळत नाही. बोनेटमधून वाफा निघत असलेल्या गाड्या आणि पाण्याचे कॅन घेऊन उभे असलेले ड्रायव्हर हे बोरघाटातलं नेहमीचं दृश्य होतं. शिंगरोबाला नाणं टाकून हात जोडणारा ड्रायव्हर मनातल्या मनात गाडी न उकळता वर पोचू दे, असंच म्हणत असणार.

उकळलेल्या गाडीचं हेड गॅस्केट गेलं, हेड वाकलं, की खर्च मोठा. म्हणून मिस्त्रीनं सोपा उपाय काढला. पाण्याच्या वाटेतला अडथळाच नको, थर्मोस्टॅट काढून टाका. त्या काळात बहुतेक जण रेडिएटरमध्ये नळाचं किंवा विहिरीचं साधं पाणी भरत. त्यानं थर्मोस्टॅट गंजून बंद स्थितीत अडके आणि गाडी खरोखरच उकळे. नवा भाग लवकर मिळेलच याची खात्री नसे. तेव्हा मिस्त्रीचा विचार अगदीच चुकीचा नव्हता. पण अडचणीतला हा तात्पुरता उपाय पुढे रिवाज होऊन बसला. चांगला चालणारा थर्मोस्टॅटही ‘आपल्याकडे लागत नाही’ म्हणून काढला जाऊ लागला. गाडी दोन-तीन हातांतून फिरली, की आज जो मालक आहे त्याला तो भाग असतो हेच ठाऊक नसतं.

यात फसगत कुठे होते ते पाहू. रेडिएटर हा घाटासाठी बनवलेला असतो, म्हणजे जास्तीत जास्त उष्णता फेकता यावी या हिशोबानं. सपाट रस्त्यावर इंजिन त्याच्या काही हिश्शाएवढीच उष्णता तयार करतं. झडप नसेल तर सगळं पाणी सतत या मोठ्या रेडिएटरमधून फिरतं आणि पंखा पट्ट्यानं कायम फिरणारा असेल, तर तोही वारा घालत राहतो. परिणाम असा, की पाणी पन्नास-पंचावन्न अंशांवरच रेंगाळतं. थोडक्यात, वर्षातून चार वेळा चढायच्या घाटासाठी आपण रोजची गाडी थंड ठेवतो.

आणि घाटात तरी फायदा होतो का? पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला आणखी एक चकती असते. वरची वाट उघडताना ही चकती इंजिनातली आडवाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला, तर ही आडवाट कायम उघडी राहते आणि काही गरम पाणी रेडिएटरला न भेटताच पुन्हा इंजिनात शिरतं. म्हणजे नेमकं पूर्ण गार करायची गरज असते तेव्हाच ते अर्धवट होतं. सपाटीला थंड आणि घाटात गरम अशी दुहेरी तक्रार असणाऱ्या गाड्यांमध्ये हे कारण आधी तपासावं.

आता कुणी म्हणेल, इंजिन थोडं गार राहिलं तर बिघडतं काय? बिघडतं ते असं. डिझेल जळताना पाण्याची वाफ तयार होते. गरम इंजिनातून ती एक्झॉस्टवाटे निघून जाते. गार सिलिंडराच्या भिंतीवर ती दंव पडावं तशी जमते. न जळलेलं डिझेल रिंगांच्या फटींतून खाली ओघळतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं, त्याची वंगणशक्ती कमी होते आणि लायनर, रिंगा, बेअरिंगं लवकर झिजतात. डिझेलमधल्या गंधकामुळे पूर्वी या ओलाव्याचं आम्लही होत असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ दर्जाचं इंधन मिळू लागलं आणि डिझेलमधलं गंधक दहा लाखात दहा भागांपर्यंत खाली आलं. त्यामुळे आम्लाचा त्रास कमी झाला, पण पाणी आणि कच्चं डिझेल यांचा त्रास तसाच आहे. ज्यांची गाडी घरापासून स्टेशन, स्टेशनपासून मंडई एवढीच फिरते, त्यांच्या इंजिनाला तर ऑइलमधला ओलावा उडवून लावायची संधीच मिळत नाही.

याची खूण ओळखता येते. ऑइल भरायचं झाकण उघडा. आतून दुधी, चिकट साय धरली असेल, तर ओलावा साठतो आहे. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला, तर कच्चं इंधन खाली उतरतंय. मात्र दुधी सायीबरोबर रेडिएटरमधलं पाणीही कमी होत असेल, तर ते गॅस्केट गळतीचं लक्षण असू शकतं. तिथं घरगुती निदान करत बसू नये.

थर्मोस्टॅट आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करा आणि चालवायला काढा. दोन-तीन किलोमीटरांनंतर थांबून, इंजिन बंद करून, रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला हात लावा. थर्मोस्टॅट ठीक असेल, तर इंजिन कोमट झालं तरी हा पाइप गारच असतो आणि पुढे झडप उघडली की एकदम तापतो. पाइप सुरुवातीपासून इंजिनाबरोबरच हळूहळू कोमट होत गेला, तर झडप नाही किंवा उघडी अडकली आहे. पंखा आणि पट्टा फिरत असताना हात घालायचा नाही आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. काट्यावरही आंधळा विश्वास ठेवू नका, जुन्या गाडीत सेन्सर आणि वायर दोन्ही खोटं बोलू शकतात. लांबून तापमान दाखवणारं कारखान्यातलं यंत्र मिळालं तर उत्तम. कोविडच्या दिवसांत घरोघरी आलेलं कपाळाचा ताप पाहणारं यंत्र मात्र इथं चालणार नाही, ते बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपुढे मोजत नाही.

थर्मोस्टॅट काढून हातात घेतला, तर तो तपासायला एक जुनं पातेलं पुरे. त्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्यानं मधोमध टांगा, तळाला टेकू देऊ नका आणि पाणी तापवा. उकळी फुटण्याआधी तो उघडायला लागला पाहिजे आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. उकळत्या पाण्यातही मिटलेला राहिला किंवा गार पाण्यातही उघडा दिसला, तर टाकून द्या. हे पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका, कारण कूलंट विषारी असतं. चवीला ते गोडसर लागतं, त्यामुळे सांडलेलं कूलंट मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या वाटेत ठेवू नका.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी एक काम जरूर करा. तो पूर्वी कशामुळे काढला गेला असेल, हे शोधा. गाडी उकळत असेल म्हणूनच काढला ना? मग उकळण्याचं खरं कारण कदाचित अजून तिथंच असेल. गाळानं तुंबलेला रेडिएटर, सैल पट्टा, वॉटर पंपाची झिजलेली पाती, गेलेलं झाकण. रेडिएटरच्या झाकणाकडे तर कुणी बघतच नाही. ते कुकरच्या शिट्टीचं काम करतं. आतला दाब वाढवून पाण्याचा उत्कलनबिंदू शंभराच्या वर, एकशे दहा-वीस अंशांपर्यंत नेतं. त्याचं रबर गेलं, की तेच इंजिन त्याच घाटात लवकर उकळतं. तेव्हा आधी रेडिएटर साफ करा, झाकण आणि पट्टा बघा. मगच आपल्या इंजिनाचाच, त्याच अंशाचा थर्मोस्टॅट घ्या. उघडण्याचं तापमान बहुधा त्याच्यावर कोरलेलं असतं. मेण असलेली स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवायची, हवा निघायचं छोटं भोक असेल तर ते वर ठेवायचं आणि पॅकिंग नवं घालायचं. साध्या पाण्याऐवजी कूलंट भरा. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असा प्रश्न हमखास येतो. तर ते गंज थांबवतं म्हणून. गंज थांबला, की थर्मोस्टॅट अडकत नाही आणि तो काढून टाकायची वेळ येत नाही.

लडाखकडे थंडीत रेडिएटरसमोर जाड कापड बांधतात, ते पाहून इथं कुणी पुठ्ठा लावतात. पनवेलमध्ये ते करू नका. सकाळी लावलेला पुठ्ठा दुपारी घाट चढताना तसाच राहिला, तर इंजिन जाईल.

या सगळ्यात आपल्या खिशापलीकडचाही एक मुद्दा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातला. गार इंजिनाचा धूर अर्धवट जळालेल्या इंधनाचा असतो आणि तो सोसायटीच्या आवारात, तळमजल्याच्या खिडकीखाली, शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलांजवळ पंधरा-पंधरा मिनिटं सोडला जातो. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते. ज्यांना आपली जुनी जीप ठेवायची आहे, शेतावर, विटांच्या भट्टीवर, प्रबळगडाच्या पायथ्याच्या कच्च्या रस्त्यांवर जिचं काम अजून संपलेलं नाही, त्यांना धूर आणि इंजिनाची झीज दोन्ही आटोक्यात ठेवणं भाग आहे.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी गॅरेजात जाईल, तेव्हा मिस्त्रीला एवढंच विचारा, ‘आपल्या गाडीत थर्मोस्टॅट आहे का हो?’ नसेल, तर रेडिएटर साफ करून तो बसवायला सांगा. पुढे खोपोलीचा घाट आला, की काटा मधोमध राहतो का तेवढं बघा. राहिला नाही, तर दोष रेडिएटर, पंप, पट्टा किंवा झाकणात शोधा. चांगला थर्मोस्टॅट मात्र पुन्हा काढू देऊ नका.